फार्मा मार्केटिंगमध्ये जायचंय? मग आधी एमआर म्हणून फिरून या

सांगली, मिरज, कासेगाव, कराड, सातारा, आपल्या पट्ट्यात फार्मसी कॉलेजं भरपूर आहेत आणि दरवर्षी शेवटच्या वर्षातल्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, मार्केटिंगमध्ये जायचंय पण ते एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, वगैरे नको, एमबीए करून डायरेक्ट प्रॉडक्ट मॅनेजर होता येईल का. घरच्यांचंही तेच असतं, एवढं बी.फार्म करून पोरगं बॅग घेऊन दवाखान्यांच्या दारात उभं राहणार काय. तर होता येतं, नाही असं नाही, चांगल्या संस्थेतून एमबीए केलेल्यांना कंपन्या थेट मार्केटिंगला घेतात, पण घेतल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना आधी काही महिने फिल्डवरच, म्हणजे एमआरसारखं डॉक्टर-केमिस्टकडे फिरायला, पाठवतात. ते का पाठवतात हे कॉलेजात कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे औषधाचा धंदा मुळातच वेगळा आहे. साबण घेताना जो निवडतो तोच पैसे देतो आणि तोच वापरतो. औषधात निवडतात डॉक्टर, पैसे देतो पेशंट किंवा त्याचा मुलगा, दुकानात ठेवायचं की नाही हे ठरवतो केमिस्ट, आणि केमिस्टला माल पोचवतो स्टॉकिस्ट. या चौघांची गणितं चार, आणि चौघांपैकी एक जरी अडला तरी गोळी पेशंटच्या हातात पडत नाही. त्यात परत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, म्हणजे शेड्युल एच वगैरेतल्या औषधांची जाहिरात सरकारच्या परवानगीशिवाय लोकांसमोर करताच येत नाही, त्यामुळे टीव्ही नाही, होर्डिंग नाही. कंपनीचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत न्यायचं काम मुख्यतः एकच माणूस करतो, तो म्हणजे एमआर. आणि त्या एमआरने काय बोलायचं, काय दाखवायचं, कुठल्या डॉक्टरांकडे कुठला ब्रँड आधी काढायचा, हे ठरवतो मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या ऑफिसात बसलेला प्रॉडक्ट मॅनेजर, ज्याला कंपन्यांमध्ये पीएमटीवाला (प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीममधला) म्हणतात. म्हणजे पीएमटीवाल्याचं सगळं काम दुसऱ्याच्या तोंडून होतं, मग ते तोंड कुठे, कुणासमोर, किती वेळ उघडतं हे ज्याला माहीत नाही त्याने ते शब्द लिहायचे कसे?

आता आकड्यांचं बघू, कारण नवीन माणसाला वाटतं आकडे तर सगळे कॉम्प्युटरवर येतात, फिल्डवर जायची गरज काय. कंपनीचा माल आधी सीएफए म्हणजे कंपनीच्या डेपोतून स्टॉकिस्टकडे जातो, त्याला प्रायमरी म्हणतात. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेला की सेकंडरी. आणि केमिस्टकडून चिठ्ठीवर पेशंटला गेला की ती खरी विक्री. कंपनीला सगळ्यात लवकर आणि सगळ्यात चकचकीत दिसते ती प्रायमरी. समजा एका स्टॉकिस्टकडे महिन्याच्या सुरुवातीला एका ब्रँडच्या २०० स्ट्रिप होत्या, कंपनीने महिन्यात ५०० दिल्या, त्याच्याकडून केमिस्टकडे गेल्या ३००, तर महिनाअखेरीला त्याच्याकडे राहिल्या ४००. ऑफिसातल्या चार्टवर ५०० चा बार उभा राहतो, सगळे खूश. पण ज्याने स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये उभं राहून क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरीचा शिल्लक माल, मोजलंय तो लगेच म्हणतो, अहो दर महिन्याला जातात ३०० आणि पडून आहेत ४००, म्हणजे चाळीस दिवसांचा माल तिथंच आहे, पुढच्या महिन्यात हा स्टॉकिस्ट ऑर्डरच देणार नाही, आणि उरलेलं काही महिन्यांनी एक्सपायरीत परत येईल. मार्च एन्डला टार्गेटसाठी माल ढकलणं आणि एप्रिल-मे मध्ये विक्री कोरडी पडणं हे ज्याने स्वतः सोसलंय त्याला ब्रँडचा फोरकास्ट काढताना कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा हे शिकवावं लागत नाही.

पण हे झालं सोपं उदाहरण. आपल्या मिरजेचं उदाहरण जास्त चांगलं आहे आणि ते जरा नीटच बघायला पाहिजे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, पुढं १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि त्या आधाराने स्पेशालिस्ट डॉक्टर इथं जमत गेले. त्यामुळे इथं पेशंट फक्त सांगली जिल्ह्यातला नसतो, अथणी, चिकोडी, विजापूर अशा कर्नाटकातल्या भागातूनही लोक येतात, शिवाय जत, कवठेमहांकाळ, सांगोला आहेच. आता शुगरची गोळी घ्या. डॉक्टरांनी मिरजेत चिठ्ठी लिहिली, पेशंटने हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमधून पंधरा दिवसांची गोळी घेतली आणि एसटीने गावाकडे गेला. शुगरची गोळी तर रोजची, वर्षानुवर्षं चालणारी. मग सोळाव्या दिवसापासूनची गोळी तो कुठून घेतो? गावाकडूनच. म्हणजे चिठ्ठी मिरजेची आणि विक्री अथणीची, आणि अथणी हे कर्नाटकात, कंपनीच्या हिशोबात वेगळा डेपो, वेगळा स्टॉकिस्ट, बहुतेक वेळा वेगळा मॅनेजरसुद्धा.

हे चार्टवर कसं दिसतं? मिरजेचा एमआर कमी पडतोय असं दिसतं, आणि अथणीकडच्या एमआरने काही विशेष न करता त्याचा आकडा बरा दिसतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे अथणीत तो ब्रँड कुणी ठेवतच नाही, त्यामुळे विक्री कुठंच दिसत नाही आणि ऑफिसात निष्कर्ष निघतो की डॉक्टर लिहीत नाहीत. आणि खरं काय चाललंय ते कळतं केमिस्टच्या काउंटरवर, ज्याला आरसीपीए म्हणतात, म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन कुठल्या डॉक्टरांच्या कुठल्या चिठ्ठ्या येतात ते विचारणं. ते बोलणं साधारण असं असतं:

"काका, आमच्या गोळीचं काय चाललंय?"

"चिठ्ठ्या येत्यात की. पहिली पंधरा दिवसाची हितं घेत्यात, पुढची गावाकडं."

"मग गावाकडं मिळती का?"

"ते तुम्ही बघा साहेब. मागच्या आठवड्यात एक अथणीचा पेशंट फिरून आलता, तिथं दुसऱ्याच कंपनीची दिली म्हणं."

कायद्याने चिठ्ठीवरचा ब्रँड केमिस्टला परस्पर बदलून देता येत नाही, पण माल नसला की काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आता या चार वाक्यांतून किती कामं निघतात बघा. नवीन ब्रँड मिरजेत लाँच करायच्या आधी अथणी, जत, विजापूरच्या स्टॉकिस्टकडे माल टाकला पाहिजे. मिरजेच्या एमआरचं टार्गेट ठरवताना बाहेर जाणाऱ्या चिठ्ठ्या धरल्या पाहिजेत. आणि पेशंटसाठी आहाराची, गोळी कधी घ्यायची याची जी पुस्तिका कंपनी छापते ती मिरजेच्या दवाखान्यात फक्त मराठीत पाठवून चालत नाही, कन्नडमध्येही पाहिजे. मुंबईत बसून नकाशा बघणारा माणूस मिरज महाराष्ट्रात म्हणून मराठीचा गठ्ठा पाठवतो, त्याची अक्कल कमी नसते, त्याला ते दिसण्याचा रस्ताच नसतो. मला विचाराल तर फिल्डच्या अनुभवाची खरी किंमत इथं आहे. विकायची कला शिकलात हा त्यातला छोटा भाग, मोठा भाग म्हणजे आकडा बघितल्यावर त्याच्या मागे काय काय असू शकतं याची यादी तुमच्या डोक्यात आपोआप उभी राहते.

तसंच पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीची काय अवस्था झाली ते इथल्या प्रत्येकाला आठवतंय, आणि २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. पूर ओसरल्यावर लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते म्हणून डॉक्सीसायक्लिन द्यावी लागते, जुलाबासाठी ओआरएस, पायाच्या चिखल्यांना मलम, या सगळ्याची मागणी अशा वेळी एकदम वाढते. त्या महिन्याचा आकडा आधार धरून पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याला वाढीव टार्गेट दिलं तर त्या एमआरने काय करायचं, पूर यायची वाट बघायची? फिल्डवरून आलेला माणूस तो महिना बाजूला काढून हिशोब करतो. ऊसतोडीचा सीझन, द्राक्षाची छाटणी, लग्नसराई, दिवाळीत बंद असलेल्या ओपीडी, हे सगळं आपल्याकडे विक्रीवर परिणाम करतं आणि हे कुठल्या रिपोर्टच्या रकान्यात लिहिलेलं नसतं.

आता डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊ. ओपीडी संपत आलीय, बाहेर अजून आठ-दहा पेशंट, त्यांच्या मागे चार कंपन्यांचे एमआर. तुमचा नंबर लागतो तेव्हा तुमच्याकडे एक-दोन मिनिटं असतात, तीही बऱ्याचदा उभ्याउभ्या, आणि तेवढ्यात तुम्हाला चार-पाच ब्रँड बोलायचे असतात. पहिल्या ब्रँडला जरा वेळ मिळतो, दुसऱ्याचं एखादं वाक्य, चौथ्याचं फक्त नाव. याला डिटेलिंग म्हणतात आणि हातात जे चित्रांचं फोल्डर किंवा टॅब असतो ते व्हिज्युअल एड. ऑफिसात ते फोल्डर टेबलावर ठेवून चार जण अर्धा तास बघतात, त्यामुळे एका ब्रँडला सहा पानं झाली तरी कुणाला वावगं वाटत नाही. ज्याने केबिनमध्ये उभं राहून ते उघडलंय त्याला पक्कं माहीत असतं की तिसरं पान उघडतच नाही, जे काय सांगायचं ते पहिल्या पानावर पहिल्या वाक्यात.

आणि ते पहिलं वाक्य कसलं असावं? इथं एक गोष्ट समजून घ्या. व्हिल्डाग्लिप्टिन नावाचं शुगरचं औषध आहे, त्याचं पेटंट भारतात डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, आणि प्रत्येक वेळी कंपन्यांनी रांगेने आपापले ब्रँड बाजारात आणले, किमती धाडकन उतरल्या. सगळ्यांची गोळी आत तीच. मग डॉक्टरांनी तुमचीच का लिहायची? साखर किती टक्के कमी झाली याचा ग्राफ सगळ्यांकडे सारखाच असतो कारण अभ्यासच तोच असतो. पण तासगाव-पलूसकडच्या डॉक्टरांकडे बसलेला एमआर ऐकत असतो, डॉक्टर पेशंटला विचारतात जेवणाच्या वेळा काय, तो म्हणतो वेळ कसली, सकाळी बागेत जातो ते फवारणी झाल्यावर कधीतरी. अशा माणसाला शुगर एकदम खाली जाण्याची भीती असते, जुन्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी तो त्रास जास्त होऊ शकतो आणि व्हिल्डाग्लिप्टिन ज्यात येते त्या ग्लिप्टिन गटात तो धोका कमी असतो. दुसरं म्हणजे साधी व्हिल्डाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घ्यायची, त्यातली संध्याकाळची गोळी हमखास राहते, म्हणून तर हळूहळू विरघळणारी १०० ची एकदाच घ्यायची गोळी कंपन्यांनी आणली. मग पहिल्या पानावर ग्राफ टाकण्यापेक्षा जेवणाच्या वेळा न पाळणारा, संध्याकाळची गोळी विसरणारा पेशंट टाकला तर डॉक्टरांना समोर बसलेलाच कुणीतरी आठवतो. डॉक्टर औषधाचा विचार पेशंटच्या चेहऱ्याने करतात, हे वाक्य पुस्तकात वाचणं आणि शंभर ओपीडीत बसून ऐकणं यात खूप फरक पडतो.

किमतीबद्दलही थोडं सांगतो. सरकारने ज्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातलीय त्या औषधांवर केमिस्टला १६ टक्के आणि स्टॉकिस्टला ८ टक्के मार्जिन धरलं जातं, बाकीच्या औषधांवर रूढीने २० आणि १०. मार्केटिंगमधला नवखा माणूस म्हणतो किंमत कमी केली की विक्री वाढेल. पण निवडणारा आणि पैसे देणारा वेगळा, आणि ठेवणाऱ्याचं मार्जिन किमतीच्या टक्क्यात, मग किंमत उतरली की ठेवणाऱ्याचा उत्साह पण उतरतो, हे काउंटरच्या पलीकडून कळतं.

आता दुसरी बाजू, कारण फिल्ड केलं म्हणजे सगळं आलं असं अजिबात नाही. सांगली म्हणजे भारत नव्हे. इथल्या एमडी डॉक्टरांना जे पटतं ते पाटण्याच्या किंवा कोइम्बतूरच्या डॉक्टरांना पटेलच असं नाही, आणि फिल्डवरून आलेली बरीच माणसं मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे असं चालत नाही एवढंच म्हणत बसतात. काहींचं तर प्रत्येक अडचणीवर एकच उत्तर, रेट जास्त आहे, स्कीम द्या, म्हणजे मालावर जादा माल फुकट द्या. दहा वर्षं तोच एरिया तसाच फिरून काढला तर ती दहा वर्षं मार्केटिंगच्या कामाला येत नाहीत, उलट सवयी घट्ट झालेल्या असतात. शिवाय मार्केटिंगला जे लागतं त्यातलं बरंच फिल्डवर शिकायला मिळत नाही, क्लिनिकल पेपर वाचून त्यात किती पेशंट होते, तुलना कशाशी केली हे समजणं, एक्सेल, इंग्रजीत स्वच्छ लिहिणं, ब्रँडचा नफा-तोटा. सेल्सवाला महिन्यात विचार करतो, पंचवीस तारीख आली की त्याला दुसरं काही दिसत नाही, मार्केटिंगवाल्याला दोन वर्षांनी ब्रँड कुठे असेल ते बघावं लागतं. हा बदल काहींना जमतच नाही आणि ते परत सेल्सला जातात, त्यात कमीपणा काही नाही, एरिया मॅनेजर, रीजनल मॅनेजर ही पण मोठीच वाट आहे.

माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं पुरे, पण ती डोळे उघडे ठेवून केलेली पाहिजेत. डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा कॉल रिपोर्ट भरता तो कंपनीसाठी, त्याशिवाय स्वतःची एक वही ठेवा. प्रत्येक मोठ्या डॉक्टरांच्या नावापुढे त्यांच्याकडे पेशंट कुठल्या गावचे येतात, ते पहिल्यांदा कुठलं औषध लिहितात आणि त्यावर भागलं नाही तर पुढे कुठलं, आपल्या ब्रँडवर त्यांनी काय शंका काढली, त्यांची चिठ्ठी कुठल्या मेडिकलमध्ये जाते, एवढं. पीएमटीच्या इंटरव्ह्यूला टार्गेट १०५ टक्के केलं हे सगळेच सांगतात, पण समोरचा माणूस विचारतो की तुमच्या एचक्यूतले, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या मुख्य गावातले, पाच डॉक्टर तुमचा ब्रँड लिहीत नव्हते ते का, आणि त्यातल्या एखाद्याने लिहायला सुरुवात केली ती कशामुळे. त्याचं उत्तर कुठल्या यूट्यूब व्हिडिओत मिळणार नाही.

नियमांचंही बघा, कारण आता हे आधीपेक्षा महत्त्वाचं झालंय. डॉक्टरांना भेटवस्तू, टूर असले प्रकार या धंद्यात होते हे लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा फुकट वस्तूंचा खर्च कंपनीला इन्कम टॅक्समध्ये वजा करता येणार नाही, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध मार्केटिंगची नवी आचारसंहिता काढली. त्यात डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना वैयक्तिक भेटवस्तू नाही, माहितीपर वस्तू द्यायची तर एका वस्तूची किंमत १००० रुपयांच्या आत, सॅम्पल एका वेळी तीन पेशंटना पुरेल एवढंच, परदेशातल्या कॉन्फरन्सचा खर्च नाही. नुसतं सेफ असं लिहायचं नाही, आणि बाजारात येऊन वर्ष झालेल्या औषधाला न्यू म्हणायचं नाही. आता वस्तू देऊन काम होणार नसेल तर उरतं काय, बोलणं, माहिती, पेशंटच्या उपयोगाचं काहीतरी. ते कन्नड पुस्तिकेसारखं. म्हणजे डॉक्टरांना खरोखर काय उपयोगी पडतं हे ज्याला माहीत आहे त्याची गरज वाढतच जाणार, आणि मला ही फार चांगली गोष्ट वाटते.

पैशांचं स्पष्ट सांगतो. फिल्डवरून पीएमटीत जाताना सुरुवातीला हातात कमी पडल्यासारखं वाटतं, कारण फिल्डचा इन्सेंटिव्ह जातो, रोजचा भत्ता जातो आणि वर मुंबईचं भाडं सुरू होतं. सांगलीत घरचं जेवण, स्वतःची बाइक, आणि तिकडे लोकलचा धक्का. बरेच जण इथंच थांबतात, घरची परिस्थिती बघून थांबायचं असेल तर थांबा, पण फक्त पहिल्या वर्षाच्या पगाराकडे बघून नको. पुढं असोसिएट, मग प्रॉडक्ट मॅनेजर, मग ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, तिथून मार्केटिंग मॅनेजर अशी शिडी आहे. कुणाला शिकवायची आवड असेल तर ट्रेनिंग डिपार्टमेंट हाही फिल्डवाल्यांचा जुना रस्ता आहे. मुलींनीही फिल्ड टाळू नये असं मला मनापासून वाटतं, पण कंपनीने बाहेरगावचा मुक्काम, रात्री उशिराची ओपीडी याची सोय काय केलीय हे आधीच विचारून घ्यावं आणि विचारायला संकोच करू नये.

आणि कॅम्पसला कंपनी आली की फक्त पगार किती हे विचारून गप्प बसू नका. डिव्हिजन कुठली ते विचारा, कारण शुगर, हार्टच्या डिव्हिजनमध्ये डॉक्टर, औषध आणि अभ्यास यांच्याशी जास्त संबंध येतो आणि मार्केटिंगला ते उपयोगी पडतं. एचक्यूत डॉक्टर किती आणि बाहेरगावचे किती ते विचारा. टार्गेट प्रायमरीवर धरता की सेकंडरीवर, हेही विचारा, त्या उत्तरावरून कंपनी कशी चालते ते तिथल्या तिथं कळतं. आणि शेवटी हे विचारा की तुमच्या पीएमटीत सध्या जे आहेत त्यातले किती जण तुमच्याच फिल्डमधून आलेत. एचआरवाल्याला नावं सांगता आली तर त्या कंपनीत रस्ता आहे असं समजा, तो इकडचं तिकडचं बोलायला लागला तर दुसऱ्या कंपनीचा फॉर्म पण भरून ठेवा.